मुरुमांचे डाग आणि गालांवरचे चट्टे: सहा आठवड्यांत फरक का नाही?

प्रश्न

गालांवर मुरुमं गेल्यावर राहिलेले तपकिरी ठिपके आहेत. शिवाय दोन्ही गालफडांवर जवळपास सारख्याच आकाराचे करडे-तपकिरी चट्टे. सकाळी व्हिटॅमिन सी, रात्री १० टक्के ग्लायकोलिक ॲसिड, त्यावर १० टक्के नायसिनामाइड; रोज, सहा आठवडे. सनस्क्रीन एसपीएफ ५०, सकाळी एकदा. डाग तसेच आहेत, वर नाकाशेजारी लाली आणि चुरचुर. यातलं कशाचं प्रमाण वाढवू?

प्रतिसाद १

वाढवू नका, आधी कमी करा. चुरचुर म्हणजे त्वचा दाहात आहे, आणि मुरुमांचे डागही दाहामुळेच पडलेले असतात. दाह झाला की रंगपेशी जास्त मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, तयार करतात. सावळ्या त्वचेत हे फार पटकन होतं, म्हणजे डाग घालवायला लावलेलं ॲसिडच नवे डाग पाडू शकतं.

दोन आठवडे तिन्ही बंद. सौम्य फेसवॉश, बिनवासाचं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, बस. चुरचुर पूर्ण थांबली की एकच घटक सुरू करा: १० टक्के अझेलाइक ॲसिड, एक दिवसाआड रात्री, कोरड्या चेहऱ्यावर. सुरुवातीला थोडा वेळ खाज सुटते. ती रेंगाळली तर आधी मॉइश्चरायझर लावून त्यावर अझेलाइक लावा. तीन आठवडे निभावलं तर रोज. मुरुमांवरही ते काम करतं, म्हणून इथे माझी पहिली पसंती त्यालाच. नायसिनामाइड नंतर हवंच असेल तर ४-५ टक्के पुरे.

तीन महिन्यांच्या आत निकाल लावू नका. दर चार आठवड्यांनी त्याच खिडकीशी, त्याच वेळी, फ्लॅशशिवाय फोटो काढा. रोज आरशात बघून फरक कळत नाही.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर, पण तुमच्या चेहऱ्यावर दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. ठिपके मुरुमांचे. नवी मुरुमं थांबली आणि खाजवणं-फोडणं टाळलं की ते हळूहळू उतरतात. दोन्ही बाजूंचे सारखे चट्टे मात्र वांग असावेत. ऊन, गर्भधारणा, गर्भनिरोधक गोळ्या यांनी वांग चाळवतं, आणि फिकं झालं तरी थोड्या उन्हाने परत येतं. ते आटोक्यात ठेवायचं असतं.

वांगाला अतिनील किरणांबरोबर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही नडतो, आणि चेहऱ्यावर न दिसणारं साधं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेलं, सनस्क्रीन घ्या. प्रमाण: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत एकेक पट्टी, चेहरा आणि मान मिळून. वाटाण्याएवढं लावलं तर ५० हा आकडा डबीवरच राहतो. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

प्रश्नकर्ता

हायड्रोक्विनोन (रंग फिका करणारं औषध), ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्या गटातलं औषध) आणि स्टेरॉइड एकत्र असलेलं क्रीम लवकर गुण देतं असं वाचलं. तेच आणून लावलं तर?

प्रतिसाद ३

स्वतःहून नको. गुण लवकर येतो, म्हणूनच लोक ते महिनोन्‌महिने सोडत नाहीत आणि तिथेच घात होतो. त्वचारोगतज्ज्ञ ते ठरावीक आठवड्यांसाठी देतात आणि तपासत राहतात. लांबलं तर स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, लव आणि मुरुमं वाढतात, आणि थांबवलं की चेहरा पेटल्यासारखा लाल होतो. हायड्रोक्विनोन फार काळ लावल्यास निळसर-काळा रंग त्वचेत बसू शकतो. तो मूळ डागापेक्षा काढायला अवघड. गरोदरपणात ट्रेटिनॉइन टाळतात. अझेलाइक तेव्हाही सहसा चालतं, तरी डॉक्टरांना विचारूनच.

चट्टे करडे दिसतात, म्हणजे रंग खोलवरच्या थरात असू शकतो. तिथे क्रीमचा उपयोग तोकडा पडतो. लेझरची घाई करू नका, वांग त्याने उलट गडद होऊ शकतं. घटकांची यादी नसलेली 'उजळवणारी' क्रीमही नको, त्यांपैकी काहींत पारा सापडलेला आहे.

एखादा एकटाच डाग वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, रंग एकसारखा नसेल किंवा रक्त येत असेल, तर त्यावर काहीही लावू नका. आधी तो डॉक्टरांना दाखवा.