अनुभव धागा: जपानची सहल संपवून घरी आल्यावर

जपानमध्ये काय बघावं, कुठे राहावं यावर भरपूर लिहून झालंय. इथे परतल्यानंतरचं लिहूया. बॅगेतून आलेल्या वस्तू आपल्या घरात कशा चालतात, उरलेल्या पैशांचं काय करायचं, तिथली कोणती सवय इथे टिकते. ज्यांना यातलं नेमकं ठाऊक आहे त्यांनी तपशिलात लिहा.

*

सुरुवात राइस कुकरपासून करतो, कारण हौसेने आणलेली ही वस्तू पहिल्याच दिवशी जळू शकते. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३०. तिथल्या प्लगला दोन चपट्या पिना असतात आणि आपल्या युनिव्हर्सल एक्स्टेन्शन बोर्डात त्या आरामात बसतात. घात तिथेच होतो. व्होल्टेज २.३ पट झालं की तापणाऱ्या कॉइलवर ताण सुमारे ५.३ पट पडतो, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मग थर्मल फ्यूज उडतो किंवा आतलं सर्किट जातं.

प्लग लावण्याआधी तळाची पट्टी वाचा. '१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असेल तर फक्त पिनांचा प्रश्न. फोन-कॅमेऱ्याचे चार्जर सहसा असेच असतात. नुसतं १०० लिहिलं असेल तर व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच, आणि १२०० वॉटच्या कुकरला तो किमान दीड हजार व्हीए (व्होल्ट-अँपियर) क्षमतेचा लागतो. जड असतो, ओट्यावर जागा अडवतो. ट्रॅव्हल अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, फक्त पिनांचा आकार बदलतो. त्यामुळे खरेदी करतानाच परदेशासाठीचं २२०–२३० व्होल्टचं मॉडेल मागावं, तोक्योच्या अकिहाबारा या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात अशी मिळतात.

आणखी एक. सोबतचा कप १८० मिलीलिटरचा असतो आणि भांड्यातल्या रेषा आखूड, चिकट जपानी तांदळासाठी आखलेल्या असतात. जुन्या कोलमला रेषेपेक्षा पाणी जास्त घाला, नाहीतर भात कणीदार राहतो.

*

वरच्या प्रतिसादाला पुरवणी: हेअर ड्रायर, इस्त्री, केटल, सगळ्यांना हेच लागू.

*

सुरीबद्दल लिहिते. सांतोकू किंवा ग्युतो ही स्वयंपाकाची जपानी सुरी आणली असेल तर ती नारळ फोडायला, हाडं तोडायला किंवा गोठलेलं मटण कापायला घेऊ नका. जपानी सुरीचं पोलाद कडक असतं आणि धार दोन्ही बाजूंनी जेमतेम १५ अंशांची. म्हणून टोमॅटो अलगद कापला जातो, आणि म्हणूनच करवंटीवर धारेचे टवके उडतात. नारळाला कोयता, खवायला विळी, हेच बरोबर.

कार्बन स्टीलची असेल तर कैरी, लिंबू, कांदा चिरल्यावर पातं काळपट पडतं. तो डाग निरुपद्रवी असतो. तांबूस गंज मात्र धारेला खातो, म्हणून चिरून झालं की लगेच धुऊन कोरडी पुसा, सिंकमध्ये ठेवू नका. मुंबई-कोकणात पावसाळ्यात पात्याला तेलाचं पुसट बोट फिरवावं. करडईचं तेल मात्र नको, ते सुकून चिकट थर धरतं.

धार लावायला १००० नंबरचा पाण्याचा दगड पुरतो. भिजवायचा प्रकार असेल तर बुडबुडे यायचे थांबेपर्यंत पाण्यात ठेवा. कोन न बदलता एका बाजूने घासत राहा, पलीकडच्या कडेला बोटाला बारीक खरखर लागली की बाजू बदला. दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या फिरत्या चाकाला ही सुरी देऊ नका. पातळ कड तापून निळसर पडते आणि पोलादाचा कडकपणा जातो, मग ती धार टिकत नाही.

*

शाकाहारी घरांसाठी. सोया सॉस साधा असेल तर त्यात मासा नसतो, गहू असतो. पण सोबा-उदोन या नूडल्ससाठीच्या 'त्सुयू' या सॉसमध्ये बहुतेक वेळा कात्सुओ, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) घेताना त्यात 'दाशी', म्हणजे बहुधा माशाचा अर्क, घातलेला नाही ना, हे फोनच्या कॅमेऱ्यातून भाषांतर करून बघा. करीच्या वड्यांमध्येही पुष्कळदा गाय-डुकराची चरबी असते. कोणाला भेट देण्याआधी हे जरूर वाचावं.

उघडलेला मिसो आणि माच्चा (हिरव्या चहाची पूड) फ्रिजमध्ये, घट्ट झाकणात. आपल्या हवेत बाहेर ठेवलेल्या माच्चाचा हिरवा रंग पिवळट होतो आणि वासही जातो.

*

पैशांचं थोडक्यात. येनची नाणी इथे सहसा कोणी बदलून देत नाही, ती तिथेच संपवावी. निघण्याआधी सुईका कार्डात (तिथलं प्रवासाचं आणि दुकानात चालणारं प्रीपेड कार्ड) आणखी नोटा भरत बसू नका, उलट दुकानात कार्डातली शिल्लक वापरा आणि बिलाची उरलेली रक्कम नाण्यांनी द्या. नोटा २,००० डॉलरच्या मोलापर्यंत जवळ ठेवता येतात, त्यावरच्या परतल्यापासून १८० दिवसांत बँकेत किंवा अधिकृत चलन विक्रेत्याकडे द्याव्या लागतात. नाण्यांना मर्यादा नाही. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या, तरी जुन्या चालतात. पुढच्या सहलीसाठी ठेवल्या तर वाया जात नाहीत.

*

झोप. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणून परतल्यावर संध्याकाळी साडेसातलाच डोळे मिटतात आणि पहाटे तीनला टक्क जाग येते. संध्याकाळी उजेडात फिरा, जेवण नेहमीच्या वेळेला घ्या, पहाटे जाग आली तरी दिवा लावू नका. दोनतीन दिवसांत घडी बसते. जातानाचा त्रास जास्त असतो, कारण शरीराला झोप पुढे ढकलणं सोपं, अलीकडे ओढणं अवघड.

*

कचऱ्याची सवय मला सगळ्यात मोलाची वाटते. १९९५ च्या तोक्यो मेट्रोतल्या सरीन या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर तिथल्या सार्वजनिक जागांतल्या बऱ्याच कचरापेट्या काढल्या गेल्या. लोक कचरा पिशवीत घालून घरी नेतात. घरी बाटलीचं झाकण आणि लेबल वेगळं, बाटली विसळून, चेपून वेगळी. हे इथेही जसंच्या तसं जमतं. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण तोडू नका, अर्धवट कापा. तो एवढासा तुकडा वेगळा झाला की कोणी वेचत नाही आणि गटारात जातो. पिशवी विसळून, उलटी टांगून वाळवा आणि सुक्या कचऱ्यात द्या. ओली दिली तर तिला कागद-पुठ्ठा चिकटतो आणि वेचणाऱ्या ताईंना त्या पुठ्ठ्याचाही भाव मिळत नाही.