कुलाबा स्टेशन ‘ओस पडलं म्हणून’ बंद झालं?

रूळवेडा: काल इथे एकाने लिहिलं, “कुलाबा स्टेशन ओस पडलं होतं म्हणून बंद केलं, आता गळे काढू नका.” वाचून राहवेना. बीबीसीआयने (आजची पश्चिम रेल्वे) १८९६ मध्ये तिथे नवी इमारत उभी केली. ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा–बोरिवली विजेची गाडी धावली. ओस स्टेशनापर्यंत कोणी विजेच्या तारा ओढतं का? आणि तीनच वर्षांत, ३१ डिसेंबर १९३० ला, कुलूप! बॅकबेचा समुद्र बुजवायच्या भरावाला रुळांची जागा हवी होती, हे खरं कारण. तिथे आज बधवार पार्क आहे, रेल्वेच्याच साहेबांची घरं.

गिरगावकर: ‘ओस’ मीच लिहिलं होतं. लांब पल्ल्याच्या गाड्यांना यार्ड लागतं. कुलाब्यात ते वाढवणार कुठे, समुद्रात? म्हणून १८ डिसेंबरला बॉम्बे सेंट्रल सुरू केलं. कुलाब्याचा कापसाचा बाजारही तोवर शिवडीजवळ, कॉटन ग्रीनला हलला होता. मालच नाही, तर मालधक्का कशाला?

रूळवेडा: मेल हलवा की. लोकल का तोडली?

दर्याची_लेक: लोकलचं मी सांगते. माझी आई तीस वर्षं कुलाब्याच्या ससून डॉकला मासळी घ्यायला जायची. पहाटेची पहिली लोकल, चर्चगेटला उतरायचं, तिथून पुढे टॅक्सी. आणि टॅक्सीवाला मासळीची पाटी (टोपली) बघितली की काच वर करायचा. “वास येतो.” कितीदा तर ती रिकामी पाटी डोक्यावर घेऊन चालतच गेली. ते स्टेशन डॉकपासून हाकेच्या अंतरावर होतं हो!

गिरगावकर: आईंच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण १९३० च्या निर्णयाशी त्याचा काय संबंध? आता कफ परेडपर्यंत मेट्रो आली आहे.

दर्याची_लेक: मेट्रो सुरू होईस्तोवर लिलाव उरकलेला असतो, दादा. मासळी खाता ना तुम्ही? ती डॉकवरून तुमच्या दारात कशी येते, विचारलंत कधी?

गिरगावकर: माझ्या ताटावर येऊ नका.

कागदपत्रवाला: भांडू नका. भरावाचं बोला. त्यातला गैरकारभार काँग्रेसचे वकील के. एफ. नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला, तेव्हा हार्वे या इंजिनिअरने त्यांच्यावरच बदनामीचा खटला भरला. नरिमन निर्दोष सुटले. त्याच योजनेसाठी चालतं स्टेशन गेलं, हे विसरून चालणार नाही.

गिरगावकर: ठीक. ‘ओस’ हा शब्द मागे घेतो. बॉम्बे सेंट्रलबद्दलचं मत मात्र बदलणार नाही.

दर्याची_लेक: मत ठेवा तुमच्याकडे. एकदा पहाटे चार वाजता चर्चगेटला या, पाटी मी देते. डॉकपर्यंत चला माझ्याबरोबर.