अबू सईदच्या हातातली काठी
बांगलादेशातल्या विद्यार्थी आंदोलनात मारला गेलेला अबू सईद दंगलीत चुकून सापडला असेल, असं कुणी म्हणतं, ते काही पटत नाही. १६ जुलै २०२४, रंगपूर. बेगम रोकेया विद्यापीठासमोर इंग्रजीचा हा विद्यार्थी एकटाच उभा होता. दोन्ही हात पसरलेले, एका हातात काठी. पोलिसांनी समोरून छर्रे झाडले, तो कळवळला आणि पुन्हा छाती काढून उभा राहिला. सगळं चित्रीकरणात दिसतं. तरी पोलिसांच्या फिर्यादीत काय, तर आंदोलकांच्याच विटांचा मारा! आदल्याच दिवशी त्यानं १९६९ मध्ये विद्यार्थ्यांना वाचवताना मारल्या गेलेल्या राजशाही विद्यापीठाच्या प्राध्यापक शम्सुज्जोहांना साद घातली होती. मला तर आपला नंदुरबारचा शिरीषकुमार आठवला. १९४२ सालचा. त्याच्या हातात झेंडा होता, एवढाच फरक.