व्हर्मीरची नक्कल : नाक काही केल्या चेहऱ्यात बसेना

रंगखोर
सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याच्या ‘गर्ल विथ अ पर्ल इअररिंग’ची तैलरंगात नक्कल करतोय. हा तिसरा कॅनव्हास. मापही मूळचंच घेतलंय, ४४.५ बाय ३९ सेंमी. चौकटी आखून रेखाटन केलं, ते बरं उतरलं. घोडं अडलंय चेहऱ्यावर. नाक मेणाचं करून वरून चिकटवल्यासारखं दिसतं आणि गालाला चुना फासलाय की काय असं वाटतं. छापील चित्र शेजारी ठेवून एकेक रंग जुळवला. सुटे बघितले तर जुळतात, पण एकत्र आले की पोरीत जीवच नाही. पार्श्वभूमीचा काळा रंग आठवडा झाला तरी बोटाला लागतोय.
बायको म्हणते, त्यापेक्षा मला समोर बसव. तेवढी हिंमत नाही. कुठे चुकतंय?

जुनी_पॅलेट
नाकाची पलीकडची कड रंगवलीत ना? व्हर्मीरने ती रंगवलेलीच नाही. भिंग घेऊन बघा, नाकाचा दांडा आणि पलीकडचा गाल एकाच उजळ रंगात विरघळलेत. आपल्याला नाक दिसतं ते अलीकडच्या बाजूच्या सावलीमुळे आणि नाकपुडीमुळे. चौकटी भरत गेलं की मुळात नसलेली रेघसुद्धा हात ओढतो. मी ती तीनदा पुसली आणि तीनदा पुन्हा ओढली, कारण ‘नाकाला कड असतेच’ हे डोक्यातून जात नव्हतं. रंग ओला असतानाच कोरड्या मऊ ब्रशने ती कड मोडा.

चुन्याचं कारण बहुतेक टायटॅनियम व्हाइट. हा विसाव्या शतकातला रंग, फार झाकणारा आणि थंड. व्हर्मीरकडे होता शिशाचा सफेता, अंगाने उबदार. (तो विषारी, आणायच्या भरीस पडू नका.) गाल उजळ करायचा तर आधी यलो ऑकर (पिवळ्या मातीचा रंग) आणि किंचित लाल वाढवून बघा, सफेता शेवटी.

आणि रंग जुळवणं सध्या सोडा. एक कॅनव्हास नुसत्या अंबरमध्ये (तपकिरी मातीचा रंग) करा, डोळे किलकिले करून फक्त उजेड-सावली बघत. तिथे ती जिवंत झाली नाही तर रंगांनीही होणार नाही.

पातळ_थर
काळ्याबद्दल. आयव्हरी ब्लॅकला तेल भरपूर लागतं, त्यामुळे तो रेंगाळतच वाळतो. त्यात थोडा अंबर मिसळा, अंबरमुळे रंग लवकर वाळतो. खालचा तेलकट थर ओला असताना वर कमी तेलाचा थर चढवलात तर पुढे तडे जातील, तेव्हा खाली कमी तेल, वर जास्त.

पण मुळात ती पार्श्वभूमी काळी नाहीच! तिथे हिरवा पडदा होता. गडद थरावर नीळ आणि एका वनस्पतीचा पिवळा रंग मिसळून दिलेला पारदर्शक हिरवा लेप. तो काळाच्या ओघात बिघडला. हेगच्या मॉरित्सहाऊस संग्रहालयाने २०१८ साली चित्राची तपासणी केली, तेव्हा पडद्याच्या घड्या सापडल्या. पापण्यांचे बारीक केससुद्धा.

रंगखोर
मग मी नक्कल कशाची करायची, त्याने रंगवलं त्याची की आज उरलंय त्याची?

पातळ_थर
आज उरलंय त्याची. पण काळ्यावर एकदा पातळ हिरवा लेप देऊन बघाच, चेहरा पुढे येतो.

रंगखोर
दोघांचे आभार. नाकाची रेघ होती! चांगली ठसठशीत, तपकिरी. मोडली, आणि नाक चेहऱ्यात जाऊन बसलं. अंबरचा कॅनव्हास सुरू केलाय, काल कपाळापर्यंत पोचलो.

त्या नादात भिंग कानाकडे नेलं. मी मोत्याला सोन्याची बारीक कडी काढली होती, अगदी प्रेमाने, शून्य नंबरच्या ब्रशने. मूळ चित्रात कडीच नाही. वर एक पांढरा ठिपका, खाली कॉलरचं फिकट प्रतिबिंब, संपला मोती. आता ती कडी खरवडत बसलोय.