कोविडची लस अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांनी मिळून केली, मग दारं का लावून घेतली?

नेकारकाठी (धागाकर्ता)

११ मार्च २०२०, अमेरिकेतली रात्र. जर्मनीत पहाटेचे दोन वाजले होते. ट्रम्प टीव्हीवर बोलले आणि मागच्या चौदा दिवसांत शेंगेन देशांत (आपसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांत) राहिलेल्या परदेशी माणसांना अमेरिकेची दारं बंद झाली. ब्रसेल्सला, म्हणजे युरोपीय संघाला, आधी साधं विचारलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी संघाचे तेव्हाचे नेते शार्ल मिशेल आणि उर्सुला फॉन डेर लायन यांनी जाहीर नापसंती नोंदवली, तोवर विमानतळांवर झुंबड उडालेली होती.

माझी बहीण न्यू जर्सीत. मे महिन्यात तिचं बाळंतपण झालं. आई पुण्यात अडकलेली, मी इथे जर्मनीत. बंदी उठली ८ नोव्हेंबर २०२१ला. भाचीला पहिल्यांदा कडेवर घेतलं तेव्हा ती खाली उतरून पळायला बघत होती. मधल्या काळात लोक तुर्कस्तानात किंवा मेक्सिकोत चौदा दिवस काढून अमेरिकेत जात होते. विषाणूला अडवायचं होतं तर हा वळसा चालला कसा? २०२१च्या उन्हाळ्यात तर अमेरिकन पर्यटक युरोपात फिरत होते आणि इथल्या लोकांना मात्र तिकडे प्रवेश नव्हता.

आणि याच महिन्यांत माइंझची बायोएनटेक आणि न्यूयॉर्कची फायझर मिळून लस करत होत्या. फ्लूच्या लशीसाठी त्यांचा करार २०१८पासूनच होता, म्हणून मार्चमध्ये एकमेकांची ओळख करून घ्यावी लागली नाही. सरकारांमध्ये असा आधी ठरवलेला करार नव्हता. माझं म्हणणं स्पष्ट आहे: महामारीत सीमाबंदी आणि निर्यातबंदी हा कुठल्याही सरकारचा एकतर्फी अधिकार असू नये.

जर्सीकर_परिचारिका

दादा, भाचीचं वाचून वाईट वाटलं. पण तुमचं म्हणणं मला अजिबात पटत नाही.

एप्रिल २०२० मध्ये मी इथल्या एका रुग्णालयात रात्रपाळी करत होते. एक एन-९५ मास्क कागदी पिशवीत ठेवून आम्ही पाच-पाच दिवस वापरला. त्या आठवड्यात कुणी म्हटलं असतं की देशात तयार झालेले मास्क करारानुसार बाहेर पाठवायचेत, तर मी रस्त्यावर उतरले असते. सरकारचं पहिलं उत्तरदायित्व आपल्या माणसांना असतं. डिफेन्स प्रॉडक्शन अ‍ॅक्ट (कंपन्यांना सरकारी ऑर्डरी आधी पुरवायला लावणारा अमेरिकी कायदा) त्यासाठीच आहे.

लशीचंही तेच. लस चालेल की नाही हे ठरायच्या आत, जुलै २०२०मध्ये अमेरिकेने फायझरच्या दहा कोटी डोससाठी १.९५ अब्ज डॉलरचा सौदा केला. मॉडर्नात तर संशोधनापासून पैसा ओतला. युरोपने भाव करण्यात वेळ घालवला आणि मग रांगेत मागे राहिल्याची तक्रार केली. ज्याने आधी जोखीम घेतली त्याला आधी मिळालं, यात अन्याय कुठला?

नेकारकाठी

ताई, तुमच्या मास्कबद्दल मी वाद घालणार नाही. पण त्याच एप्रिलमध्ये व्हाइट हाउसने थ्रीएम या मास्क बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीला कॅनडाला मास्क पाठवू नका असं सांगितलं तेव्हा काय निघालं, आठवतंय? वैद्यकीय मास्कला लागणारा लगदा कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातून येतो. कॅनडातल्याच विंडसरच्या नर्सा रोज सीमेवरची नदी ओलांडून डेट्रॉइटच्या रुग्णालयांत कामाला जातात. कॅनडाने तसंच उत्तर दिलं असतं तर तुमच्याच पाळीला माणसं कमी पडली असती. काही दिवसांत तडजोड झाली आणि कॅनडाचा पुरवठा चालू राहिला. तीच तडजोड आधी करता आली असती.

युरोपलाही मी सोडत नाही. फेब्रुवारीअखेर इटलीने शेजाऱ्यांकडे मास्क मागितले, एकाही सदस्य देशाने हात पुढे केला नाही. उलट मार्चच्या सुरुवातीला फ्रान्सने साठे ताब्यात घेतले, जर्मनीने निर्यात थांबवली. २९ जानेवारी २०२१ला तर युरोपीय आयोगाने लशीसाठी उत्तर आयर्लंड प्रोटोकॉलचं (ब्रेक्झिटनंतर आयर्लंडची सीमा खुली ठेवणाऱ्या कराराचं) कलम १६, म्हणजे तो करार एकतर्फी बाजूला ठेवायची मुभा, वापरायची घोषणा केली आणि काही तासांत ती मागे घ्यावी लागली. इतक्या नाजूक सीमेला असा हात घालायचा असतो?

हडपसरी

इथं पुण्यातून थोडं सांगतो. मी लस उद्योगाला माल पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे.

लस म्हणजे नुसता फॉर्म्युला नव्हे. एकदा वापरून टाकायच्या मोठ्या प्लास्टिक पिशव्या, फिल्टर, पेशी वाढवायचं माध्यम, यातलं बरंच अमेरिकेतून येतं. तिकडच्या कायद्याने तिकडच्या ऑर्डरी पुढे गेल्या आणि इथल्या आमच्या तारखा लांबत गेल्या. १६ एप्रिल २०२१ला सीरम इन्स्टिट्यूटच्या अदर पूनावालांनी थेट बायडन यांना उद्देशून ट्विट केलं. सर्वांत जास्त ओढाताण कोवोव्हॅक्सची (सीरम इथं बनवत असलेल्या नोव्हाव्हॅक्सच्या लशीची) होती. २५ एप्रिलला अमेरिकेने कच्चा माल द्यायचं कबूल केलं. तोवर इथं स्मशानांबाहेर रांगा लागल्या होत्या.

फायझरच्या लशीतच २८० घटक, १९ देशांतले ८६ पुरवठादार. त्यातली लिपिडं इंग्लंडातून, यॉर्कशायरमधून, बेल्जियमच्या पुर्सला जायची. मार्च २०२१ मध्ये युरोप ब्रिटनकडे जाणारे डोस अडवायच्या गोष्टी करत होता. लिपिडं थांबली असती तर पुर्सचा कारखानाच बसला असता. म्हणून परिचारिकाताईंचं ‘आधी आपलं’ मला मनाने कळतं, पण कारखान्यात ते चालत नाही.

आणि हे आपल्यालाही लागू आहे. मार्चअखेर भारताने निर्यात थांबवली. नेपाळमधली म्हातारी माणसं कोविशील्डचा पहिला डोस घेऊन दुसऱ्यासाठी महिनोन्महिने ताटकळली. कोव्हॅक्स या जागतिक लसवाटप योजनेला आपला पुरवठा पुन्हा सुरू झाला तो नोव्हेंबरमध्ये. माझा भाऊ त्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनवर होता. तेव्हा मला ती बंदी योग्य वाटली होती. आजही पूर्ण चूक होती असं म्हणवत नाही.

कलम_आणि_करार

धागाकर्त्यांच्या उपायाबद्दल बोलतो, कारण तो करार आता झालाय. २० मे २०२५ला जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेचा महामारी करार मंजूर झाला. आदल्या दिवशी समितीत मतदान झालं: १२४ बाजूने, विरोधात शून्य, ११ तटस्थ. त्या अकरांत इटली आहे. २०२०मध्ये ज्याच्या हाकेला कुणी ओ दिली नाही, तोच देश! नेदरलँड्स आणि पोलंडही आहेत. अमेरिका तर खोलीतच नव्हती, जानेवारीत तिने आरोग्य संघटनेतून बाहेर पडायचा आदेश काढला होता. करारात सहभागी उत्पादकांनी महामारीत २० टक्के उत्पादन संघटनेला उपलब्ध करून द्यायचं लक्ष्य आहे, पण ते ज्या परिशिष्टावर उभं आहे ते मंजुरीच्या दिवशी लिहिलेलंच नव्हतं.

मोडणाऱ्याला शिक्षा नाही, सगळ्यात मोठा खरेदीदार बाहेर. सरकारांचे अधिकार काढून घ्यायची भाषा कागदावरच राहणार.

पेटंटबाबतही तेच झालं. ऑक्टोबर २०२०मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत पेटंटमधून सूट मागितली. मे २०२१मध्ये अमेरिकेने पाठिंबा दिला, जर्मनी आडवी आली, जून २०२२मध्ये हाती आलं ते तोकडं. तेव्हा एकतर्फी वागण्याचा सगळा दोष वॉशिंग्टनच्या माथी मारू नका.

नेकारकाठी

इटलीच्या तटस्थतेचा मुद्दा मला लागला. ‘अधिकार असू नये’ हे माझं वाक्य मी मागे घेतो. कुठलंच निवडून आलेलं सरकार ते मान्य करणार नाही.

पण निदान एवढं तरी आधी ठरवता येईल: बंदी घालण्यापूर्वी ४८ तास समोरच्याला कळवायचं. दुसऱ्याच्या कारखान्याला लागणारा कच्चा माल बंदीतून वगळायचा. आणि प्रवासबंदी दर महिन्याला आकडे दाखवूनच पुढे वाढवायची. ते शेवटचं असतं तर वीस महिने गेले नसते.

जर्सीकर_परिचारिका

पूर्वसूचना मान्य. कच्चा मालही मान्य, हडपसरीदादांचं वाचून. प्रवासबंदीचं तर आधीच मान्य होतं, त्या वर्षी माझे सासरे गेले आणि आम्ही कुणीच पोहोचू शकलो नाही.

तयार मास्कबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. ती कागदी पिशवी अजून माझ्याकडे आहे. तिच्यावर माझं नाव आणि पाच तारखा लिहिल्यात.