बर्फाखालच्या तळ्यांना भोकं पाडावीत का?

माशेलकर
परवा वास्कोला सड्यावर गेलो होतो. ध्रुवीय संशोधन केंद्र दिसल्यावर लेकीने विचारलं, "अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली तळी आहेत, त्यात जिवाणू असतात, ते खरं?" खरं आहे. पण त्यांच्यासाठी भोकं पाडणं थांबवावं, असं माझं मत. 5 फेब्रुवारी 2012 ला रशियन ड्रिल 3,769 मीटर खाली व्होस्टोक या अंटार्क्टिकातल्या बर्फाखालच्या तळ्याच्या पाण्याला टेकलं. भोक गोठू नये म्हणून त्यात केरोसीन आणि फ्रिऑन हे रसायन भरलेलं. मग जिवाणू सापडले, ते तळ्यातले की भोकातले, यावरच वाद!

आमच्या विहिरीत एकदा पंपाचं डिझेल सांडलं. वाटीभर असेल. चारदा विहीर उपसली, तरी पुढच्या पावसापर्यंत कळशी तोंडाशी नेली की वास यायचा. विहीर निदान उपसता तरी आली.

सडेकरीण
माशेलकर भाऊ, सगळ्यांना व्होस्टोकचं माप लावू नका. जानेवारी 2013 ला अमेरिकी पथकाने तिथल्याच व्हिलन्स सरोवरावरचा 800 मीटर बर्फ गरम पाण्याने वितळवला. ते पाणी गाळलेलं, अतिनील किरणांखालून सोडलेलं. खाली मिलिलिटरमागे सुमारे 1,30,000 पेशी! उन्हाची तिरीप नाही, तरी अमोनियम आणि मिथेनवर त्यांचं पोट चालतं. मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते. 'सूर्य नाही तर अन्नसाखळी नाही' असं मुलं पाठ करून येतात, तेव्हा मी हाच आकडा फळ्यावर लिहिते. भोक न पाडता तो कुठून मिळाला असता?

माशेलकर
अमोनियमचं मला माहीत नव्हतं, बाई. पण तिथली बरीच तळी एकमेकांना जोडलेली आहेत, एकातलं पाणी दुसऱ्यात जातं. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, खारं पाणी अडवणारं मानशीचं दार रात्रभर उघडं राहिलं तर ते पाणी एकाच कुणग्यात, शेताच्या एकाच तुकड्यात, थांबतं का?

फोंडेकर
म्हणूनच तळं निवडून घ्यावं. व्हिलन्स काही वर्षांनी भरतं, रिकामं होतं, पाणी समुद्राकडे जातं. तिथे चूक झाली तर ती निघून तरी जाईल. व्होस्टोकमधलं पाणी बदलायला हजारो वर्षं लागतात.

सडेकरीण
पण फार काळ एकटं पडलेलं पाणी व्होस्टोकमध्येच आहे. गुरूच्या युरोपा या चंद्रावर बर्फाखाली जीव असेल का, हे समजून घ्यायला तेच जवळचं. कायमचं कुलूप मला पटत नाही.

माशेलकर
व्हिलन्ससारखं उताराकडचं तळं, गाळलेलं गरम पाणी, एवढ्याला माझी हरकत नाही. व्होस्टोकला आहे, आणि राहील.