रॅम नंतर, आधी डिस्क अन् स्विच पाहा
भाऊ, रॅम ३२ जीबी केली तरी बिलिंगचा सर्व्हर दुपारी लटकतेच म्हणता, तर मला हे डिस्कचंच प्रकरण वाटून राहिलं. साधी ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क विखुरलेला डेटा वाचायला लागली की सेकंदाला शंभरेक ऑपरेशनच्या (वाचण्या-लिहिण्याच्या कामांच्या) वर सहसा जात नाही, मग दहा जण एकदमच बिलं काढायला बसले की सीपीयू नुसता वाट पाहत राहते. आयओस्टॅट (डिस्कवरचा ताण दाखवणारं लिनक्सचं टूल) लावून अवेट, म्हणजे डिस्क एकेका कामाला किती वेळ लावते तो आकडा, बघा, गर्दीच्या वेळी सारखा २०-३० मिलिसेकंदांच्या वर असेल तर एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) टाकाच, साध्या साटा जोडणीवाली पण हजारोंत ऑपरेशन देते.

अन् नेटवर्क विसरू नका बरं! नागपूरच्या इतवारीत एका होलसेलवाल्याकडे एसएसडी टाकूनही फाइल कॉपी सेकंदाला ११ एमबीवरच (मेगाबाइट) अडकली होती, पाहतो तर मधातला जुना स्विच (कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा डबा) १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचा, अन् आठ बिटांचा एक बाइट. गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) स्विच लावला अन् तीच कॉपी ११० च्या आसपास गेली. केबलची एक जोडी जरी तुटली तरी गिगाबिट कार्ड गुपचूप १०० वर येऊ शकते, म्हणून एथटूलमध्ये (नेटवर्क कार्डाची माहिती देणारं लिनक्सचं टूल) लिंक स्पीड पाहूनच घ्या. सर्व्हर मुंबईच्या क्लाउडवर न्यायचा विचार असेल तर बँडविड्थ कितीही घ्या, प्रत्येक क्वेरीमागे (डेटाबेसला केलेल्या विचारणेमागे) जाण्यायेण्याचा वेळ लागतेच, एका बिलाला दोनशे क्वेरी मारणारं सॉफ्टवेअर असलं तर तिथं लय जाणवते.